द्राक्षाचा बेदाणा होताना पेशीत काय घडते

जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत पेशीतील संयुगे कर्बोदके, मेद, प्रथिने आणि न्यूक्लिक आम्ले अशा चार खणांत मांडलेली असतात आणि विद्यार्थी ती चार स्वतंत्र प्रश्नांची उत्तरे म्हणून पाठ करतात. माझ्या मते या विषयातील खरा रस तेथेच निघून जातो, कारण जिवंत पेशीत यांपैकी एकही संयुग एकट्याने काम करत नाही. हे पाहायला सांगली जिल्ह्यातील माणसाला प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. तासगाव किंवा कवठेमहांकाळ भागातील कोणतीही बेदाण्याची शेड त्यासाठी पुरेशी आहे. माझ्या मामांची अशीच एक शेड आहे आणि पुढील बहुतेक निरीक्षणे तेथीलच आहेत.

सुरुवात पाण्यापासून करणे भाग आहे, कारण पेशीच्या वजनाचा सर्वांत मोठा वाटा पाण्याचाच असतो. बेदाण्यासाठी तोडलेल्या द्राक्षाचा ब्रिक्स साधारण २२ ते २४ असतो, म्हणजे १०० किलो मालात विरघळलेले पदार्थ, प्रामुख्याने साखर, २२ किलोंच्या आसपास आणि उरलेले जवळजवळ सगळे पाणीच. तयार बेदाण्यात १५ टक्क्यांच्या आसपास पाणी ठेवले, तर त्या २२ किलोंचे सुमारे २६ किलो होतात. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा, हा बागायतदारांचा तोंडी हिशेब असा सरळ रसायनशास्त्रातून निघतो. उरलेले पाणीही मोकळे नसते. साखरेचे रेणू ते इतके धरून ठेवतात की बुरशीला आणि जिवाणूंना ते वापरता येत नाही आणि म्हणूनच बेदाणा टिकतो.

ही साखर म्हणजे मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. पानात तयार झालेली साखर सुक्रोजच्या रूपात मण्यात येते आणि तेथे एक विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन) तिचे हे दोन भाग करते. दोन्हींत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात, फक्त त्यांची रचना वेगळी असते. तेवढ्या फरकामुळे फ्रुक्टोज जिभेला अधिक गोड लागते. मण्याच्या पेशीभित्तिकेतील सेल्युलोजही ग्लुकोजच्याच लांब साखळ्यांचे बनलेले असते, परंतु त्यातील जोडणी वेगळी असल्यामुळे त्याला गोडी नसते आणि ते आपल्याला पचतही नाही.

शेडवर माल आला की क्रेटमधील घड डिपिंग ऑईल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून काढतात आणि मग जाळीच्या रॅकवर सावलीत पसरतात. बुडवण्यापूर्वी मण्यावर जो पांढुरका थर दिसतो आणि बोट लावताच पुसला जातो, तो मेणाचा असतो. लांब कार्बन-साखळ्यांची आणि पाण्याशी न मिसळणारी ही संयुगे मण्यातील पाणी आत अडवून धरतात. डिपिंग ऑईलमधील मुख्य घटक इथाइल ओलिएट हाही मेदाम्लापासून बनलेला असल्यामुळे तो या थरात शिरतो, मेणाच्या पापुद्र्यांची घडी विस्कटतो आणि पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. एरवी तीन-चार आठवडे लागणारी सुकवणी त्यामुळे साधारण दोन आठवड्यांत उरकते.

मेदांचे याहून महत्त्वाचे काम मात्र डोळ्यांना दिसत नाही. १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच शास्त्रज्ञांनी तांबड्या रक्तपेशींतील मेद वेगळे काढून पाण्यावर पसरले, तेव्हा त्यांनी व्यापलेले क्षेत्र पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरले. त्यावरून पेशीचे पटल मेदरेणूंच्या दोन थरांचे असते, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि तो पुढे टिकला. या रेणूंची फॉस्फेट असलेली टोके पाण्याकडे तोंड करतात आणि मेदाम्लांच्या शेपट्या आत लपतात. अशा पटलाची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दोन लाखाव्या भागाएवढी असते, तरीही पेशीतील वेगवेगळे कप्पे तेच राखते.

बेदाण्याचा रंग या कप्प्यांवर अवलंबून असतो. जिवंत मण्यात फिनॉल गटातील संयुगे एका कप्प्यात आणि त्यांचे ऑक्सिडीकरण करणारे पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर दुसऱ्या कप्प्यात असते. पाणी जाऊन पेशी मरू लागली की पटले फाटतात, दोघांची गाठ पडते आणि मणी तपकिरी होतो. विकर हे प्रथिन आहे, म्हणजे २० प्रकारच्या अमिनो आम्लांची विशिष्ट क्रमाने ओवलेली आणि ठरावीक घडी पडलेली साखळी. या विकराच्या घडीत तांब्याचे अणू बसलेले असतात आणि त्यांच्यावाचून ते निकामी ठरते. द्राक्षात प्रथिनांचे प्रमाण १०० ग्रॅममागे एका ग्रॅमहूनही कमी असते, पण त्यातील या अल्पशा अंशामुळे बाजारात मालाचा भाव बदलतो. गंधकाची धुरी देण्यामागचे मुख्य कारण हेच आहे, कारण गंधक जळून तयार होणारा सल्फर डायऑक्साइड या विकराला आवर घालतो. हिरवा बेदाणा ताजा आणि काळपट बेदाणा जुना, ही ग्राहकांची समजूत त्यामुळे फारशी खरी नाही. काळपट मण्यात विकराला काम करायला सवड मिळाली, एवढाच त्याचा अर्थ बहुतेक वेळा असतो.

कोणती अमिनो आम्ले कोणत्या क्रमाने ओवायची, हे डीएनए हे न्यूक्लिक आम्ल ठरवते. सोनाका, माणिक चमन आणि तास-ए-गणेश हे आपल्याकडचे वाण मूळ थॉमसन सीडलेसपासून निवडलेले आहेत, आणि बी नसल्यामुळे त्यांची लागवड कलमानेच होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार या बिनबियांच्या द्राक्षांचे मूळ एका जनुकातील एका अक्षराच्या, म्हणजे डीएनएच्या साखळीतील एका दुव्याच्या, बदलात आहे. द्राक्षाच्या डीएनएत सुमारे ५० कोटी अक्षरे असतात. त्यांतील हे एक अक्षर बदलल्यामुळे बीजावरणाच्या वाढीचे नियंत्रण करणाऱ्या प्रथिनात १९७ व्या जागी आर्जिनिनऐवजी ल्युसिन हे अमिनो आम्ल येते. फलन होते, पण बी वाढत नाही आणि काही आठवड्यांत त्याची वाढ खुंटून केवळ खूण उरते.

बियांची उणीव बागायतदाराला दुसऱ्या वाटेने भरून काढावी लागते. वाढत्या बिया जिबरेलिन गटातील संप्रेरके पुरवून मणी फुगवत असतात. ती नसली की मणी बारीक राहतो आणि म्हणून बागेत जी.ए.चे, म्हणजे जिबरेलिक आम्लाचे, डोस द्यावे लागतात. ही जी.ए. पावडर एका बुरशीच्या किण्वनातून मिळवतात. बुरशीच्या पेशीत तयार झालेला तो रेणू द्राक्षाच्या पेशीतील ग्राही प्रथिनात नेमका बसतो आणि मणी वाढीला लागतो.