बोगद्याचे अठरा किलोमीटर

काल दुपारी कन्याकुमारी अगदी हाकेच्या अंतरावर आली आणि मामाने ब्रेक मारला. त्रेचाळीस दिवस ज्या गावाचं नाव दगडादगडावर शोधत आलो ते समोर होतं, खारा वास यायला लागला होता, आणि हा सायकलवरनं उतरून मोबाईलवर मॅप बघतोय. मी म्हटलं, "मामा, काय झालं रे, पंक्चर का?" तर म्हणाला, "नाही गं. बोगद्याचे अठरा राहिलेत ना आपले."

मी पार विसरले होते. श्रीनगरहून निघाल्यावर बनिहालचा बोगदा लागतो साडेआठ किलोमीटरचा, आणि रामबनच्या पुढे नाशरी-चेनानीचा, तो नऊच्या थोडा वर. दोन्ही आम्ही पिकअपमधे सायकली टाकून पार केले. पहिल्याचं काही वाटलं नाही, पण दुसऱ्याच्या वेळी वरून पटनीटॉपचा जुना रस्ता होता आणि मामाला तोच घ्यायचा होता, मीच नको म्हटलं, कारण रामबनजवळ दरड पडल्यामुळे अख्खा दिवस गेला होता, थंडीने बोटं वळत नव्हती आणि पुढे साडेतीन हजार किलोमीटर पडले होते. मामा काही बोलला नाही. रात्री डायरीत मात्र लिहिलं, "१८ बाकी". एसटीच्या वर्कशॉपमधे आयुष्य गेलेला माणूस आहे, वय ६१, नोंद केली म्हणजे ती मिटवेपर्यंत झोप नाही.

मधल्या दिवसांचं सगळं इथे लिहीत बसले तर संपणारच नाही. जम्मू, पंजाब, हरियाणा, दिल्ली, आग्रा, ग्वाल्हेर, झाशी, सागर, सिवनी, एकच रस्ता, राष्ट्रीय महामार्ग ४४, पार शेवटपर्यंत. सिवनीनंतर पेंचचं जंगल लागतं, तिथे हायवे उचलून घेतलाय आणि खालून प्राण्यांना जायला वाट ठेवलीय, त्यातली सगळ्यात लांब ७५० मीटरची, आम्ही वरून जाताना उगाचच हळू आवाजात बोलत होतो. नागपूरला झीरो माईलच्या खांबाला हात लावला. मामा या रस्त्याला अजून "सात नंबर"च म्हणतो, कारण २०१० मधे नंबर बदलायच्या आधी वाराणसी ते कन्याकुमारी हा एन एच ७ होता आणि त्याच्या डोक्यात तोच बसलाय.

या टूरमधे मला सगळ्यात जास्त कशाने छळलं असेल तर तारांनी. ट्रकचे टायर फुटतात, त्यांच्या चिंध्या हायवेच्या कडेला पडलेल्या असतात आणि त्यातल्या केसासारख्या बारीक स्टीलच्या तारा सुटून सायकलच्या टायरमधे घुसतात. डोळ्यांना दिसत नाहीत, ट्यूब बदलली तरी तार टायरमधेच राहते आणि दहा किलोमीटरवर परत हवा गेली. अनंतपूरच्या अलीकडे एका दिवसात माझे चार पंक्चर झाले, चौथ्याला मी रस्त्याच्या कडेला बसून रडले. मग मामाने टायर उलटा करून आतून कापसाचा बोळा फिरवला, जिथे कापूस अडकला तिथे तार, आणि माझ्या भुवयांच्या प्लकरने ती ओढून काढली. जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरची. लांबच्या टूरला जाणाऱ्या प्रत्येकाने प्लकर आणि थोडा कापूस न्या, मी मनापासून सांगते.

तमिळनाडूत शिरल्यावर दगडांवरची अक्षरं वाचता येईनात. आधीच्या राज्यांतही लिप्या बदलल्या होत्या पण इथे एवढ्या जवळ आल्यावर तेच एक नाव वाचता येऊ नये हे मला सहन होईना. तोप्पूरच्या घाटाखाली चहाच्या टपरीवर एका शाळेतल्या मुलीने माझ्या वहीत लिहून दिलं. सात अक्षरं. तिसरं अक्षर ओळखीचं करून घेतलं मी, कारण दुसरं आणि तिसरं जुळ्या बहिणींसारखी वेटोळी आहेत, फक्त पहिलीच्या डोक्यावर टिंब आणि दुसरीला इकाराचा फाटा. सेलम, करूर, दिंडुक्कल, मदुराई, सगळीकडे मी लांबूनच त्या जुळ्या शोधायचे. दिसल्या की ओरडायचे आणि मामा पुढून नुसता हात वर करायचा.

नोव्हेंबर संपत आलेला, म्हणजे इकडचा खरा पावसाळा, ईशान्य मोसमी. मदुराई ते कोविलपट्टी सबंध पावसात. कोविलपट्टीला चिक्की घेतली, शेंगदाण्याची, तिला २०२० मधे भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि ती हँडलच्या पिशवीत ओली होऊन एकच लगदा झाली तरी आम्ही तोडून तोडून खाल्ली. तिरुनेलवेलीहून काल पहाटे निघालो तेव्हा आभाळ मोकळं. शेवटचे पंच्याऐंशी. सगळ्यांनी घाबरवलं होतं की पणगुडी, कावळकिणरूच्या पट्ट्यात आरळवायमोळीच्या खिंडीतून वारा येतो आणि सायकल आडवी करतो, पण तो जोर नैऋत्य मोसमीत असतो, जून ते सप्टेंबर. काल शेकडो पवनचक्क्या उभ्या होत्या आणि त्यातली एखादीच आळसावल्यासारखी फिरत होती. त्यांच्या खालून आम्ही कोणाशी न बोलता गेलो. मला सारखं वाटत होतं की हे एवढ्यात संपायला नको.

आणि मग मामाचा तो ब्रेक.

डावीकडे वळलो. ईशान्येला सहा-सात किलोमीटरवर वट्टकोट्टई म्हणून त्रावणकोरच्या काळातला किल्ला आहे, काळ्या दगडाचा, थेट समुद्राला लागून. १७४१ च्या कोलाचेलच्या लढाईत डच अधिकारी डी लॅनॉय मार्तंड वर्माकडे कैद झाला आणि पुढे त्याच राजाच्या चाकरीत राहून त्याने हा किल्ला नव्याने बांधला. तटावर उभं राहिलं की एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला त्याच पवनचक्क्या. मामा तटाच्या दगडावर तळहात ठेवून उभा राहिला बराच वेळ. जाऊन येऊन चौदाच भरत होते म्हणून परतताना वस्तीतून दोन चकरा जास्त मारल्या, पोरं मागे पळत होती, एकाने विचारलं कुठून, मी म्हटलं काश्मीर, त्याने मागच्या पोरांना ओरडून सांगितलं आणि सगळ्यांनी एकदम टाळ्या वाजवल्या. तेव्हा मात्र माझे डोळे भरले.

साडेतीनला टोकाला पोचलो. समोर विवेकानंद शिला, बाजूला तमिळ कवी तिरुवल्लुवरचा १३३ फुटी पुतळा, त्याच्या 'कुरळ' या ग्रंथाच्या १३३ अध्यायांएवढा. मामा म्हणाला शिलेवरचं विवेकानंदांचं स्मारक उभं करणारे एकनाथ रानडे आपल्या अमरावती जिल्ह्यातले, उद्या बोटीने जाऊन नमस्कार करून येऊ. मग त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून डायरी काढली, काश्मीरचं पान उघडलं आणि पेन माझ्याकडे दिलं.

"तू काट. पिकअप तू थांबवला होतास."

कागद ओलसर होता, पेन आधी उमटेना, दोनदा गिरवलं तेव्हा रेघ आली. सायकली भिंतीला टेकवल्या आणि घाटाच्या पायऱ्या उतरून आम्ही बुटांसकट पाण्यात गेलो.