ओहोटीला कार्टर रोड, भाचरांसोबत

अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी भाचरांना घेऊन कार्टर रोडला गेलो, सेल्फीवाली मंडळी वर फुटपाथवर आणि आम्ही खाली खडकात. कल्याणहून पहाटेची लोकल, दादरला बदला, बांद्र्याहून रिक्षा, एवढा आटापिटा कशाला तर अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास मुंबईत भरती दुपारी बारा-एकला येते म्हणजे ओहोटी सकाळी सहा-सातला, आणि उधाणात पाणी जेवढं वर चढतं तेवढंच लांब मागेही जातं, त्यामुळे एरवी बुडालेले खडक उघडे पडतात.

पोरांना म्हटलं, वरून खाली चालत जायचं आणि कोण कुठे राहतं ते बघायचं, बस. वरच्या खडकांवर बार्नॅकल, धाकटा म्हणाला इथे कोणीतरी सिमेंट सांडलंय! हे खरं तर खेकडा-कोळंबीचे नातेवाईक, पाणी आलं की झाकण उघडून पायांनी खाणं ओढतात, पाणी गेलं की दार बंद. थोडं खाली कालवं, आणि त्याच्या खाली डबक्यात समुद्रफुलं (सी ॲनिमोन, दिसायला फुलासारखी पण प्राणीच). थोड्याशा अंतरात सगळी वस्तीच बदलते. "वरच्यांना जास्त वेळ उन्हात बसावं लागतं ना मामा?" थोरलीने विचारलं. मी काही सांगितलंच नव्हतं, तिनेच बघून काढलं. वर्गात भरती-ओहोटीचा धडा झालाय तिचा, पण त्यात कालवं नव्हती.

मग एक शंख चालायला लागला. आत हर्मिट क्रॅब, त्याचं पोट मऊ असतं म्हणून गोगलगायीच्या रिकाम्या शंखात राहतो आणि वाढला की मोठा शंख शोधतो. "म्हणजे भाड्याने राहतो," धाकटा. त्याने खिशात भरलेले शंख मग स्वतःच परत टाकले, थोडी कुरकुर करून.

दगड उलटा केला तर परत तसाच ठेवायचा, हा नियम मात्र मी कडक ठेवला, कारण खालच्या ओलाव्यात राहणारे जीव उन्हात वाळून मरतात. प्लास्टिक पण भरपूर दिसलं, त्याबद्दल लिहायला बसलो तर पोस्ट संपणार नाही. कोस्टल रोडच्या वेळी 2020 मध्ये हाजी अली-वरळीचे प्रवाळ उचलून दुसरीकडे लावले होते हे सांगितलं, तर दोघांना आधी मुंबईत प्रवाळ आहेत हेच पटेना 😄

जाणार असाल तर ओहोटीची वेळ नेटवर बघा, ओहोटीच्या तासभर आधी पोचा आणि पाणी फिरलं की वर या. चपला नकोत, ग्रिपवाले बूट घाला, शेवाळावर जाम घसरतं.