पार्टिंगला हात थांबला की काम बिघडलं

बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर, म्हणजे बार फिरवून कापायच्या मशीनवर, उभं राहून मला 19 वर्षं झाली. अजूनही पार्टिंग टूल, म्हणजे फिरत्या बारातून तुकडा कापून वेगळा करणारं पातळ ब्लेड, पुढे घेताना मी आधी रेडिओ बंद करतो. कापण्याचा आवाज ऐकू आलाच पाहिजे.

पहिल्या वर्षी 40 मिमीच्या माइल्ड स्टील बारातून स्पेसर कापत होतो. टूल गरजेपेक्षा बरंच बाहेर काढलेलं. निम्म्यावर गेल्यावर जॉब, म्हणजे कापला जाणारा बार, किंचाळायला लागला. मी घाबरून हँडल सोडलं, परत दाबलं, परत सोडलं. ब्लेड मोडलं आणि तुकडा बाराच्या खाचेत अडकून बसला. आमचे मेस्त्री गोकाककडचे, कन्नड बोलणारे. माझ्याशी मराठीत बोलायचे, पण 'सावकाश'ला कन्नडमधलं 'निधान'च म्हणायचे. म्हणाले, "निधान म्हणजे थांबत थांबत नव्हे रे. हात काढायलास म्हणून टूल कापत न्हाई, नुसतं घासायलंय."

तेच खरं कारण. फीड, म्हणजे टूल पुढे सरकवणं, तुटली की धार धातूत शिरत नाही, वरच्या वर घासते, तापते आणि थरथर वाढते. एका फेऱ्याला 0.05 मिमीच्या आसपास, पण सलग.

अर्थात हात सलग चालायला मशीन घट्ट हवं. काप चकाच्या, म्हणजे बार पकडणाऱ्या जबड्याच्या, जितका जवळ घेता येईल तितका घ्यायचा. 40 च्या बाराला टूल 22-23 मिमीच बाहेर. कॅरेज (टूल बाराच्या लांबीने नेणारा भाग) लॉक, क्रॉस स्लाइडची (टूल बारात आत नेणारा भाग) गिब, म्हणजे ढिलेपणा काढणारी पट्टी, आवळलेली. एचएसएस (हाय स्पीड स्टील) ब्लेडला मी 120 आरपीएम, म्हणजे मिनिटाला 120 फेरे, ठेवतो, आणि तेलाची धार थेट खाचेत. शेवटपर्यंत कापताना टेलस्टॉकचा सेंटर, म्हणजे बाराच्या दुसऱ्या टोकाला आधार देणारी टोकदार पिन, लावून ठेवू नका, सुटणारा तुकडा ब्लेडवर आवळतो.

सेंटर हाइट, म्हणजे टूलचं टोक बाराच्या मध्याच्या उंचीला आहे का, हे बघायला सहा इंची स्टीलची पट्टी पुरते. चक बंद असताना ती बार आणि टूलच्या टोकामध्ये हलकी दाबायची. वरचं टोक आपल्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, बाराकडे झुकलं तर वर. पट्टी सरळ उभी राहिली की झालं. हे मी रोज करतो, कितीही घाई असली तरी.

परवा खानापूरकडच्या नव्या पोराला पार्टिंग दिलं. चिप घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळत येत होती, आवाज एकसारखा. तुकडा ट्रेमध्ये पडला. थंड झाल्यावर त्याने फेसवरून, म्हणजे कापलेल्या बाजूवरून, नख फिरवलं, कुठे अडकलं नाही. माझ्याकडे न बघताच त्याने पुढचा बार चकात घातला.