मासा फुगला, पण कल्ला बसेना

लाकडी पेटीच्या झाकणावर चामड्याने मढवलेला उठावाचा मासा करायला घेतला तेव्हा वाटलं, फोम कापायचा, वर चामडं ताणायचं, चिकटवायचं, झालं. पहिला मासा पाहून धाकटी म्हणाली, "आई, बटाटा छान झालाय."

चूक कळेपर्यंत चामड्याचे दोन तुकडे वाया गेले. उंचवट्यावरून चामडं मुकाट जातं. खळगा आला की मात्र या काठावरून त्या काठावर थेट उडी मारतं आणि खाली पोकळी राहते. कल्ल्याची खाच, डोळ्याभोवतीचं वळण, सगळं असंच गडप झालं होतं. त्यात मी ओलं चामडं थेट चिकटवलेलं. ओल्यावर कॉन्टॅक्ट ग्लू (दोन्ही बाजूंना लावून, जरा सुकल्यावर जोडायचा गोंद) धड धरत नाही, आणि वाळताना चामडं आकसतं ते पहिलं खळग्यातूनच सुटतं.

आता आकार देणं एका दिवशी, चिकटवणं दुसऱ्या दिवशी. चामडं झाडांच्या सालीत कमावलेलं हवं, १ मिमीच्या आसपास जाड. क्रोममध्ये, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं मऊ पर्सचं चामडं हाताला कितीही गोड लागो, ओलं करून दिलेला आकार ते धरत नाही. फोम १० मिमीचा घट्ट ईव्हीए, म्हणजे चपलांच्या तळव्याला असतो तसला रबरी फोम. गादीचा स्पंज दाबला की बसतो, मग खाच कशावर उठणार? फोमला पातळ प्लास्टिक गुंडाळते, चामडं कोमट पाण्यात भिजवून जादाचं पाणी टिपते आणि आधी खाचेत बसवते. सुरुवात खाचेतून, मग बाहेरच्या बाजूला. हे उलट केलंत तर बटाटा ठरलेला. दाबायला बोथट लाकडी काडी घेते, कारण नख लागलं तर वळ कायमचा राहतो. खाचेवर वाळूची छोटी पुरचुंडी ठेवून रात्रभर तसंच सोडते. कडेला टाचण्या लावायच्या तर पितळी. ओल्या चामड्यात लोखंड लागलं की सालीतल्या कसामुळे (टॅनिनमुळे) काळेनिळे डाग पडतात आणि ते सहज निघत नाहीत. (माझ्या दुसऱ्या माशाला तसे तीन 'खवले' आहेत.)

सकाळी चामडं टरफलासारखं उचलून येतं. हा क्षण मला फार आवडतो, उगाच दोनदा उचलून पाहते. मग प्लास्टिक काढून फोम आणि चामड्याची आतली बाजू, दोन्हींवर ग्लूचा पातळ हात, खिडकी उघडी ठेवून. बोटाला चिकटेनासा झाला की जोडायचं, तेही पुन्हा खाचेतूनच. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून मध्ये कागद सरकवून हळूहळू बाहेर ओढत नेते. शेपटीजवळ घड्या पडतात तिथे दुमडायच्या भागाला मागून त्रिकोणी काप देते आणि कड रापीने (चामडं तासायच्या धारदार पात्याने) तासून पातळ करते, नाहीतर झाकणावर मासा टेंगळासारखा उचललेला दिसतो.

फोम संपला म्हणून एकदा थर्माकोलवर हाच ग्लू लावला होता. दोन मिनिटांत माशाचं पोट वितळून आत गेलं. थर्माकोल वापरायचाच असेल तर पाण्यात मिसळणारा गोंद घ्या.

चौथा मासा झाकणावर बसलाय. कल्ला दिसतो. शेपूट अजून जरा जाड आहे, पण धाकटीने या वेळी भाजीचं नाव घेतलं नाही.