नववी ‘ब’मधले कोरियाचे युद्ध

स्मरणिकेसाठी लिहिण्याचा निरोप आला, तेव्हा मैदान, स्नेहसंमेलन आणि सहली यांविषयी इतर माजी विद्यार्थी लिहितीलच असे समजून मी इतिहासाच्या सरांच्या एका प्रयोगाविषयी लिहायचे ठरवले. पाठ्यपुस्तकाने कोरियाच्या युद्धाला जेमतेम एक परिच्छेद दिला होता. सरांनी त्यावर आठवडाभराचे तास घालवले, आणि पोर्शन मागे पडल्याची कुरकुर मुख्याध्यापकांपर्यंत गेली ती वेगळीच. त्यांनी चौघांना फळ्यापुढे उभे करून एकेक राजधानी वाटून दिली. अट अशी की, त्या देशाने त्या वेळी जे प्रत्यक्ष म्हटले तेवढेच बोलायचे, पदरचे काही घालायचे नाही.

२५ जून १९५० च्या पहाटे उत्तर कोरियाचे सैन्य दोन्ही कोरियांमधली सीमारेषा असलेले ३८ वे अक्षवृत्त ओलांडून दक्षिणेत शिरले. उत्तरेची राजधानी प्योंगयांग हिच्या वतीने बोलणाऱ्या मुलाने मात्र ठासून सांगितले की, हल्ला दक्षिणेने केला, आम्ही प्रत्युत्तर दिले आणि हा आमचा पितृभूमी मुक्तिसंग्राम आहे. दक्षिणेत त्याच युद्धाला बोलताना नुसते ‘सहा-दोन-पाच’ म्हणतात, म्हणजे सहाव्या महिन्याची पंचवीस तारीख. सुरुवात कोणी केली हे विसरू द्यायचे नसेल, तर तारीखच आरोपपत्राचे काम करते.

वॉशिंग्टनची बाजू वकिली थाटाची होती. २९ जूनला अध्यक्ष ट्रूमन यांनी पत्रकारांना आपण युद्धात नाही असे सांगितले, आणि ही संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखालची पोलिसी कारवाई म्हणावी का, या प्रश्नाला होकार दिला. युद्ध पुकारण्याचा अधिकार अमेरिकी राज्यघटनेने काँग्रेसला दिला आहे. कारवाईला ‘पोलिसी’ म्हटल्यावर तिच्याकडे जाण्याची गरज उरली नाही. सुरक्षा परिषदेचे ठरावही संमत होऊ शकले, कारण परिषदेतली चीनची जागा पेकिंगच्या कम्युनिस्ट सरकारची की तैवानमधल्या सरकारची या वादावरून, नकाराधिकार असलेला सोव्हिएत प्रतिनिधी बहिष्कार घालून बाहेर होता. पण ऑक्टोबरात हल्लेखोर मागे रेटले गेल्यावर संयुक्त राष्ट्रांचे सैन्य उत्तरेत शिरले आणि संपूर्ण कोरिया एक करण्याची भाषा सुरू झाली. त्यावर सरांनी विचारले, “चोराला हाकलून लावल्यावर पोलीस त्याच्याच घरात राहायला का गेले?” वॉशिंग्टन गप्प.

पेकिंग, म्हणजे चीनची राजधानी (आजचे बीजिंग), माझ्या वाट्याला आले होते. अमेरिकेने आपले सातवे आरमार तैवानच्या सामुद्रधुनीत आणले, तिचे सैन्य ३८ वे अक्षवृत्त ओलांडून वर आले तर आम्ही स्वस्थ बसणार नाही असा इशारा चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी भारताचे राजदूत पणिक्कर यांना रात्री बोलावून दिला होता, तो कोणी मनावर घेतला नाही. म्हणून ‘अमेरिकेचा प्रतिकार आणि कोरियाला साहाय्य’ करण्यासाठी आमचे स्वयंसेवक गेले, असे मी म्हणालो. ‘स्वयंसेवक’ म्हणताच वर्ग हसला, कारण १९ ऑक्टोबरला सेनापती पेंग दह्वाय यांच्या हाताखाली चीन-कोरिया सीमेवरची यालू नदी ओलांडणारे सैन्य नियमित फौजेचेच होते. सर हसले नाहीत. चीनने युद्ध पुकारल्याचे मान्य केले असते तर अमेरिकेला काय करावे लागले असते, हे त्यांनी आम्हाला लिहून आणायला सांगितले. अमेरिका त्यांना चिनी सैन्यच म्हणत होती, १ फेब्रुवारी १९५१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने चीनला आक्रमकही ठरवले. पण चीनवर युद्ध पुकारायचे तिनेही टाळले. एकाची ‘पोलिसी कारवाई’ आणि दुसऱ्याचे ‘स्वयंसेवक’ ही नावे एकमेकांना सांभाळून घेत होती, आणि त्यामुळेच ते युद्ध कोरियाच्या हद्दीत राहिले, असे माझे आजही मत आहे.

२७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाली. मायदेशी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांपैकी १४ हजारांहून अधिक चिनी तैवानला गेले, तिथे त्यांचे वीर म्हणून स्वागत झाले. चीनला परतलेल्यांकडे मात्र संशयाने पाहिले गेले. चीनमध्ये राहणे पसंत करणारे २१ अमेरिकन त्यांच्या देशात फितूर ठरले.

शेवटी सरांनी विचारले, “भारताच्या वतीने कोण बोलणार?” कोणी उठले नाही. मग तेच बोलले. भारताने आक्रमणाचा निषेध करणाऱ्या ठरावाला पाठिंबा दिला, पण लढायला सैनिक न पाठवता वैद्यकीय तुकडी पाठवली, आणि चीनला आक्रमक ठरवण्याच्या विरोधात मत दिले. शस्त्रसंधीनंतर परतायला नकार देणाऱ्या कैद्यांची राखण करायला कोल्हापूरकडच्या वडगावचे मेजर जनरल थोरात भारतीय दल घेऊन गेले. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी त्या दलाला दक्षिणेच्या भूमीवर पाऊल ठेवू दिले नाही, म्हणून जवानांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. इकडे उत्तरेकडूनही तक्रारी होत्याच. दोघांनी बोल लावले, यातच आपली तटस्थता सिद्ध होते, असे सर म्हणत. मला ते तेव्हाही पटले नव्हते. ‘तटस्थ’ हेही आपण आपल्यासाठी निवडलेले नावच होते, आणि फळ्यापुढच्या चौघांना लावलेली अट सरांनी भारताला लावली नाही, एवढी तक्रार मी शाळा सोडल्यानंतरही त्यांच्याशी पत्राने करत राहिलो.