कंपासने न काढलेला गोल

मला बरेच दिवस वाटायचं की फ्युचुरासारखा जिऑमेट्रिक टाइपफेस, म्हणजे गोल आणि सरळ काठ्यांनी बनलेला अक्षरांचा संच, कुणीही करेल, त्यात काय एवढं, कंपास घ्या, पट्टी घ्या, गोल काढला की 'ओ' आणि गोलाला काठी टेकवली की 'डी', झालं काम. म्हणून एकदा सॉफ्टवेअर उघडून बसलोच. मस्त जाडजूड बोल्ड 'ओ' काढला, बाहेरचा गोल परफेक्ट, आतला पण परफेक्ट, आणि ते जे काय दिसत होतं ना, निव्वळ बेंगरूळ! वरखाली सूज आल्यासारखं, बाजूंना किडकिडीत. शेजारी तेवढ्याच उंचीचा 'एच' ठेवला तर 'ओ' चक्क बुटका वाटायला लागला.

मग कळलं की आडवी रेघ आपल्या डोळ्याला उभ्या रेघेपेक्षा जाड वाटते, त्यामुळे ती मुद्दाम थोडी पातळ करतात, गोल अक्षरं वरखाली केसभर जास्त ताणतात आणि गोल जिथे काठीला भिडतो तिथे तर अक्षर आतून कोरून काढतात, नाहीतर तिथे काळा डाग दिसतो. म्हणजे सगळं भूमितीचं सोंग! बोल्डमध्ये तर अजूनच, कारण जाडी वाढली की आतली पोकळी आक्रसते.

हा फ्युचुरा जर्मन डिझायनर पॉल रेनरचा, 1927 साली फ्रँकफर्टच्या बावर फाउंड्रीने, म्हणजे छपाईची अक्षरं ओतणाऱ्या कंपनीने आणलेला. त्याच्या सुरुवातीच्या आराखड्यांत छोटा 'आर' म्हणजे नुसती काठी आणि शेजारी एक टिंब होतं. तेवढी शुद्ध भूमिती लोकांना झेपली नसती, ते मागे पडलं ते बरंच झालं.

स्वभावाने हा बोल्ड प्रकार म्हणजे कमी पण खणखणीत बोलणारा माणूस. दोन-तीन शब्द द्या, मग बघा. अमेरिकन चित्रकर्ती बार्बरा क्रुगरच्या लाल पट्ट्यांवरची पांढरी तिरकी अक्षरं हीच, फ्युचुरा बोल्ड, वाचायची नसली तरी वाचावी लागतात. ओबामांच्या 2008 च्या प्रचारात गॉथम नावाचा टाइपफेस होता, तो पण याच गोतावळ्यातला. पण याच माणसाला दोन पानं बोलायला लावलं की डोकं उठतं, कॅपिटल 'आय' आणि छोटा 'एल' दोन्ही काठ्याच, छोटा 'ए' घाईत 'ओ' वाटतो. आणि दुःखात तर त्याला अजिबात नेऊ नये. मी एकदा श्रद्धांजलीचा मजकूर यात लावला होता, अगदी सेल लागल्यासारखा दिसत होता, नशीब पाठवायच्या आधी लक्षात आलं.

आपल्या देवनागरीत वेगळीच पंचाईत. पॉपिन्स हा टाइपफेस याच जिऑमेट्रिक घराण्यातला, त्यात देवनागरी पण आहे, पण आपल्याकडे डोक्यावर शिरोरेषा, खाली उकार, मधे जोडाक्षरं, 'युद्ध' किंवा 'राष्ट्र' एकदम जाड करून बघा, आत हवा जायला जागा उरत नाही. 'ठ' तेवढा खूश असतो, शिरोरेषेला लटकलेला गोल. आता कुठे मोठ्ठा बोल्ड 'ठ' दिसला की मी झूम करून बाजूंची जाडी आणि खालची जाडी ताडून बघतो. बहुतेक वेळा बाजू जाड निघतात.