आमची वाटचाल : हातगाडी, छोटा हत्ती, पिकअप आणि न घेतलेला ट्रेलर

आमचा धंदा कुंपणाचा. चेन लिंक जाळी, काटेरी तार, सोसायटीच्या भिंतीवरची ती गोल गोल काँसर्टिना, टर्फची नेट, फार्महाऊसचं कंपाउंड, सगळं करतो. दुकान भांडुपला, आधी वडिलांचं, आता माझं आणि धाकट्या भावाचं. ‘आमची वाटचाल’ म्हणून लिहिताना लोक सहसा विश्वास, दर्जा, सचोटी असं लिहितात, ते आमच्या कार्डावर छापलंय, इथे मी गाडीबद्दल लिहिणारे. कारण जाळीचा भाव सगळ्यांना साधारण सारखाच पडतो, कमाई राहते की जाते ते माल साइटवर कसा पोचतो त्यावर ठरतं.

वडील, म्हणजे आमचे अण्णा, मूळचे वेल्डर. खिडक्यांच्या ग्रिल, कोलॅप्सिबल गेट, जिन्याचे कठडे. माल दारूखान्यातून, म्हणजे मुंबईतल्या लोखंडाच्या बाजारातून, भाड्याच्या टेम्पोने यायचा आणि भांडुपातल्या भांडुपात हातगाडीवर जायचा, चढ आला की दोन माणसं मागून ढकलायला. लांबचं किरकोळ काम असलं तर तारेचं बंडल आणि हत्यारं घेऊन लोकलच्या लगेजच्या डब्यातून जायचे, मासळीच्या टोपल्या आणि दुधाच्या कॅनमध्ये उभे राहून. तेव्हा ते चालून गेलं. पण नंतर मुंबईची माणसं बदलापूर, नेरळ, कर्जत, मुरबाडकडे प्लॉट घ्यायला लागली आणि प्लॉट घेतला की पहिलं काम कुंपण, नाहीतर पुढच्या वेळी जाल तेव्हा शेजाऱ्याचा बांध चार फूट सरकलेला असतो. तिथून आमचं काम ग्रिलवरून जाळीवर गेलं. नाक्यावरचा टेम्पो मात्र साइटवर थांबायला तयार नसायचा, थांबला तर हॉल्टिंग म्हणजे थांबायचे वेगळे पैसे लावायचा, आणि उतरवायची घाई इतकी की जाळीचे रोल वरून खाली टाकून मोकळा. रोलची कड एकदा वाकली की ती जाळी ताणताना सरळ बसत नाही, मग कारागीर शिव्या घालतो आणि त्या ऐकायला मी.

म्हणून पहिली स्वतःची गाडी घेतली ती टाटा एस, सेकंडहँड. 2005 ला ती बाजारात आली आणि मुंबईतल्या गल्ल्यांचं गणितच बदललं, लोक तिला छोटा हत्ती म्हणतात ते काय उगाच नाही. दसऱ्याला हार घालून पूजा केली, आईने चाकाखाली लिंबू ठेवलं. साडेसातशे किलो पासिंग, म्हणजे तेवढा माल कायद्याने भरता येतो, हौदा सव्वासात फूट लांब आणि रुंदीला पाच फुटाला थोडा कमी. सोसायटीच्या कामाला आजही याच्यासारखी गाडी नाही. गावठाणात, कोळीवाड्यात, चाळीच्या बोळात, जिथे रिक्षावालासुद्धा नको म्हणतो तिथे ही जाते.

पण प्लॉटच्या कामाला ती पुरत नाही आणि का पुरत नाही ते आकड्यात सांगतो, कारण नवीन पोरं या धंद्यात येतात आणि गाडी बघताना नुसता हप्ता बघतात. समजा सरळ 500 फूट कुंपण आहे, पाच फूट उंच, दोन इंची जाळी, तारेची जाडी दहा गेज. रोल 50 फुटी, म्हणजे दहा रोल, एकेक साधारण साठ किलो, झाले सहाशे. दहा फुटावर एक खांब म्हणजे 51 खांब. खांबाला लोखंडी अँगल 50 बाय 50 बाय 6 मिलिमीटरचा घेतला तर मीटरला साडेचार किलो. कळंबोलीच्या लोखंड बाजारात त्याला वीस फुटी म्हणतात पण असतो सहा मीटर, म्हणजे 19 फूट 8 इंच, आणि त्यात साडेसहा फुटाचे तीन खांब बरोब्बर निघतात, पाच फूट वर आणि दीड फूट जमिनीत. म्हणजे खांबाला 17 अँगल, कोपऱ्यांच्या आणि मधल्या टेकूंना अजून सहा-सात, सगळे मिळून साडेसहाशे किलो. इथेच साडेबाराशे झाले. वर वेल्डिंग मशीन, छोटा जनरेटर, पहारी, फावडी, घमेली, पाण्याचे कॅन. खड्ड्यात भरायला सिमेंट चौदा-पंधरा गोण्या, ते वेगळे सातशे. एसमध्ये हे तीन फेऱ्यांचं काम, आणि भांडुप ते मुरबाड तीन फेऱ्या म्हणजे डिझेल, टोल आणि ड्रायव्हरचा वैताग.

आणि गिऱ्हाइकाने सिमेंटचे खांब मागितले तर विषयच वेगळा. चार इंच बाय चार इंच, सात फुटी खांब पन्नास किलोच्या आसपास भरतो. पन्नास खांब म्हणजे अडीच टन, नुसते खांब. ते आम्ही आमच्या गाडीत आणतच नाही, साइटजवळचा कारखाना बघतो आणि त्यांनाच पोचवायला सांगतो. रेती, खडीपण तिथलीच. मुंबईतून रेती नेणारा माणूस मला अजून भेटायचाय.

मग पिकअप घेतला, बोलेरो, मोठ्या हौद्याचा. ठरवताना माझा आणि भावाचा बराच वाद झाला कारण त्याला 407 पाहिजे होती, टाटाचा मोठा टेम्पो, अडीच टन एका वेळी. गाडी चांगलीच आहे, पण रोज अडीच टनाचं काम कुठेय, आणि भांडुपला रात्री ती लावायची कुठे हे त्याला सांगता येईना. जास्तीचा माल असला की 407 भाड्याने मिळते, गल्ली भाड्याने मिळत नाही. पिकअपचा हौदा रुंदीला साडेपाच फूट, त्यामुळे पाच फुटी जाळीचा रोल आडवा बसतो, एसमध्ये तो तिरका करून कोंबायला लागायचा. अँगल आम्ही बाजारातच कापून घेतो, साडेसहा फुटाचे तुकडे फाळका लावून आत राहतात, मागे काही लोंबत नाही. हे मी मुद्दाम सांगतोय. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये जादा वजनाला 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 असा दंड आहे, आणि माल हौद्याच्या बाहेर आला तरी 20,000 चं वेगळं कलम लागतं. लाल फडकं बांधलं की झालं असं समजणारे अजून आहेत. शिवाय मागून बाइकवाला येऊन धडकला तर फडकं काय करणार.

लायसनचं पण बरेच जण विचारतात. 7,500 किलोपर्यंतची गाडी साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या, लायसनवर चालवता येते, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये ते पक्कं केलं. आणि ज्या मालगाडीचं भरल्यानंतरचं एकूण वजन 3,000 किलोपर्यंत आहे तिला परमिट लागत नाही, म्हणून गाडी घेताना ब्रोशरवरचा पेलोड बघून भागत नाही, जीव्हीडब्ल्यूचा, म्हणजे त्या एकूण वजनाचा, आकडा बघायचा. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि मग दर वर्षी, सेकंडहँड घेणाऱ्याने हे हिशोबात धरावं. माणसं हौद्यात मालावर बसवून न्यायची नाहीत हा आमचा नियम, पोरं लोकलने येतात, बदलापूरला उतरतात आणि बहुतेक वेळा गाडीच्या आधी पोचतात.

आता ट्रेलर. माझा मामेभाऊ मेलबर्नला असतो, तिथे फेन्सिंगवाल्याकडेच कामाला. तो व्हिडिओ पाठवतो आणि आमची पोरं बघत बसतात. तिकडे पुढे यूट म्हणजे त्यांचा पिकअप, मागे ट्रेलर, त्यावर खांब, पत्रे, खड्डे पाडायचा ऑगर, मिक्सर सगळं जागच्या जागी. तिथले नियमपण सरळ आहेत, 750 किलोपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसला तरी चालतो, त्याच्या वर ब्रेक पाहिजे, दोन टनांच्या वर सगळ्या चाकांना ब्रेक आणि ट्रेलर सुटला तर आपोआप लागणारा ब्रेकसुद्धा. तो म्हणतो की भरण्यातच सगळी कला आहे, वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढे हुकावर आला पाहिजे, माल मागे जास्त झाला तर हायवेवर ट्रेलर शेपटीसारखा झुलायला लागतो आणि पुढच्या गाडीलाच फिरवतो.

भावाने लगेच टूम काढली की आपण वेल्डरच, आपणच बनवू. चासी काय, दोन दिवसांचं काम. मी आरटीओच्या कामातल्या एका जाणकाराला विचारलं. आपल्या कायद्यात ट्रेलर हे स्वतःच वाहन धरलं जातं, त्याला वेगळं रजिस्ट्रेशन, वेगळा इन्शुरन्स, आणि घरी ठोकून बनवलेला दुकानापुढे उभा करायला ठीक आहे, रस्त्यावर नाही. पण कागद मिळाले असते तरी मी घेतला नसता. ट्रेलरचा खरा फायदा तो सोडून ठेवता येतो यात आहे. साइटवर सोडला, गाडी मोकळी, दुसऱ्या कामाला निघाली. मेलबर्नला तो गिऱ्हाइकाच्या अंगणात राहतो. आमच्याकडे रात्री साइटवर सोडला तर सकाळी चाकं असतील की नाही सांगता येत नाही, आणि भांडुपला आणायचा तर जिथे पिकअपला जागा शोधताना वॉचमनशी गोड बोलावं लागतं तिथे अजून दहा-बारा फूट कुठून आणू. रिव्हर्सचं तर सोडाच, स्टेअरिंग डावीकडे वळवलं की ट्रेलरचं ढुंगण उजवीकडे जातं, हे घोडबंदर रोडला पाठीमागे हॉर्न वाजत असताना करून दाखवा.

हां, पण ट्रेलर आम्ही वापरतो, ट्रॅक्टरचा. कर्जत-मुरबाडकडे डांबरी रस्ता संपला की शेवटचा कच्चा टप्पा पिकअपला जमत नाही, पावसाळ्यात तर नाहीच. तिथे गावातला ट्रॅक्टर ट्रॉलीसकट फेरीवर ठरवतो. त्यालाच गावातली माणसं माहीत, पाण्याचा टँकर कोणाचा तेही माहीत. एकच सांगायचं, सिमेंटचे खांब असतील तर हायड्रॉलिकने ओतायचे नाहीत, हाताने उतरवायचे. ओतले की वरून धड दिसतात आणि तार ताणली की मधून चिरतात.

पिकअप भरायची पद्धत आता बसलीय. रोल केबिनला टेकून पुढे, वजन मागे गेलं की स्टेअरिंग हलकं लागतं आणि घाटात ते बरं नाही. अँगल मध्ये, लांबीत, दोरीने आवळून. पहारी, दोरी, टेप, फावडी सगळ्यात मागे, कारण साइटवर पहिली तीच लागतात, ओळ आखून खड्डे होईपर्यंत जाळीला कोणी हात लावत नाही. एस अजून ठेवलीय, सोसायट्यांच्या रिपेअरिंगला.

सध्या तिसऱ्या गाडीचं घाटतंय आणि भाऊ परत 407 वरच अडलाय. मी त्याला म्हटलं, मागच्या वर्षभराची बिलं काढ, कुठल्या साइटवर ती गेटपर्यंत गेली असती त्यावर टिक कर, मग बसून बोलू. टिका चालू आहेत. आणि तुम्हाला आमच्याकडून कोटेशन पाहिजे असेल तर प्लॉटचं माप नंतर पाठवा, आधी रस्त्याचा व्हिडिओ पाठवा, मेन रोडपासून गेटपर्यंत चालत चालत काढलेला. वर विजेच्या तारा किती खाली आहेत ते त्यात दिसलं पाहिजे आणि गाडी वळवायला जागा कुठे आहे तेपण.